मशीन सुरू होतं

"बूट नाही होत," संगणक दुरुस्त करणारा हर्षद म्हणाला आणि स्क्रू ड्रायव्हर टेबलावर टाकला. "चौथ्यांदा केलं, मॅडम. त्याच जागी येऊन अडकतं."

"कुठल्या जागी?"

"निळी स्क्रीन येते आणि थांबते."

"तिच्यावर काय लिहिलंय?"

"इंग्रजीत आहे. टेक्निकल आहे जरा."

"मला इंग्रजी येतं. वाचा."

त्याची खुर्ची करकरली. त्याने वाचलं, पण भरभर, बसचा कंडक्टर थांबे सांगतो तसं. मतलब एवढाच, की नव्या सिस्टीमला प्रोसेसरमध्ये जी एक सोय लागते ती या मशीनमध्ये नाही, म्हणून ती पुढे जाणार नाही.

"म्हणजे मशीन खराब नाही," मी म्हटलं.

"खराब नाही, जुनं आहे. एकच झालं ना."

एकच नव्हतं. पण तेव्हा ते मला धड सांगता आलं नाही.

ही गोष्ट दोन हजार चौदाच्या जुलैची, आणि तो दिवस बुधवारचा. वर्ध्याकडच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी क्लार्क होते. चार वर्षांची असताना तापात माझे डोळे गेले. त्यामुळे दिसण्याची आठवण म्हणावी अशी माझ्यापाशी नाही. कॉलेजात माझं काम दोन नंबरच्या खिडकीत होतं. पोरं यायची, नाव, गाव, जात, विषय सांगायची आणि मी त्यांचे विद्यापीठाचे फॉर्म भरायची. कानात हेडफोन, त्यात स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, आणि दहा बोटं. अकरा वर्षं मी हे केलं होतं. मी रुजू झाले त्याच वर्षी ते मशीन आलं होतं. आम्ही दोघं एकाच रजिस्टरवर चढलो होतो म्हणा ना.

त्या उन्हाळ्यात जुन्या सिस्टीमचा जमाना संपला. विद्यापीठाने फॉर्म भरायची नवी साइट काढली, ती जुन्या मशीनवर उघडेचना. कॉलेजात पाच नवी मशीनं आली. टेबलं सहा होती. उरलेलं सहावं टेबल कुणाचं, हे सांगायला नको.

"रेणुका मॅडम, जाऊ द्या आता."

हा आवाज बोरकुटे सरांचा. ते आमचे प्रबंधक, म्हणजे ऑफिसचे मुख्य. त्यांच्याबद्दल वाईट सांगता येईल असं माझ्याकडे फारसं काही नाही. दौऱ्यावरून आले की माझ्या टेबलावर न चुकता संत्र्याची बर्फी ठेवायचे. सही करायची असली तर ओळीखाली स्वतः पट्टी धरायचे, म्हणजे माझी सही तिरकी जाऊ नये.

"नवं मशीन पुढच्या वर्षी मागू," ते म्हणाले. "तोवर तुम्ही चौकशीच्या टेबलावर बसा. कुणी आलं तर कुठल्या खोलीत जायचं ते सांगायचं. पगार तोच. धावपळ नाही, डोक्याला ताप नाही."

"आणि फॉर्म?"

"ते नवीन घेऊ कुणीतरी. तुम्ही कशाला चिंता करता?" त्यांनी एक कागद माझ्या हाताखाली सरकवला. पट्टीही ठेवली. "फक्त एवढी सही. तांत्रिक कारणाने टेबल बदलतोय, एवढंच आहे त्यात."

पट्टीची गार धार माझ्या करंगळीला लागली. पेनही हातात होतं. का कोण जाणे, मी पेन खाली ठेवलं.

"ठेवून जा, सर. वाचून सही करते."

"वाचून?" ते हसले, आणि लगेच खाकरले. "बरं, बरं. शनिवारी बारापर्यंत द्या. संस्थेच्या मंडळाच्या ऑफिसात पाठवायचं आहे."

ते गेल्यावर मी पंचफुलाबाईला हाक मारली. ती आमच्या ऑफिसची शिपाई. सातवी पास, पण वाचायची खणखणीत, आणि इंग्रजी अक्षरं एकेक करून ओळखायची. ती कागद घेऊन खिडकीपाशी गेली.

"'प्रति, माननीय सचिव,'" तिने सुरुवात केली. "'विषय, टेबल बदलून मिळणेबाबत.' मिळणेबाबत! म्हंजे तुमीच मागून राहिल्या का जी?"

"पुढे वाच."

"'महोदय, मी खाली सही करणार...'" ती थांबली.

"काय झालं?"

"राहू द्या ना, बाई."

"पंचफुला, वाच."

तिने आवाज खाली घेतला. "'माझ्या अंधत्वामुळे मला संगणकावरील काम करणे शक्य होत नसल्यामुळे, मी स्वेच्छेने...'"

पुढचं मी ऐकलं नाही. कूलर घरघरत होता. अकाउंट्सच्या टेबलावर कुणीतरी चहा ओतत होतं. निळी स्क्रीन कुणाची आली होती? प्रोसेसर कुणाचा जुना होता? चार माणसांसमोर हर्षदने वाचून दाखवलं होतं की अडचण मशीनची आहे. आणि दहा मिनिटांच्या आत, टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला येईपर्यंत, ती माझ्या डोळ्यांची झाली होती.

मी उठून बोरकुटे सरांच्या केबिनशी गेले.

"सर, शनिवारी बारापर्यंत ते मशीन माझंच आहे ना?"

"हो, म्हणजे... तुमचंच आहे. का?"

"मग तोवर त्याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

"हर्षदलाच जमलं नाही, मॅडम."

"हर्षदला जी सिस्टीम टाकायची होती ती जमली नाही," मी म्हटलं आणि वळले.

बोलून तर बसले. पण मला तरी काय येत होतं? मी वापरणारी, मशीन उघडून कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी घरी पोचल्या पोचल्या मी अन्वर मुजावरला फोन लावला. अन्वर मिरजेचा. नागपूरला अंधांच्या संगणकवर्गात आम्ही बरोबर शिकलो. तोही माझ्यासारखाच पूर्ण अंध. तेव्हा तिकडे स्वतःचा वर्ग चालवायचा.

सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "रेणुका, मी दिवाळीत एक सीडी पाठवली होती. कुठाय?"

"कपाटात."

"लावून पाहिलीस?"

"नाही."

"शाब्बास! अगं, नवी सिस्टीम म्हणजे काय जगात एकच आहे का? ह्या सीडीतली फुकट आहे, नवी आहे, जुन्या मशीनला चालते आणि बोलते. वाचणारं सॉफ्टवेअर आतच आहे. मेमरी किती आहे तुझ्या मशीनला?"

"पाचशे बारा एमबी."

"कमी पडंल. एक जीबी तरी कर. मेमरीची तसलीच पट्टी दुसऱ्या मशीनमधून काढ."

"मी काढू?"

"मग काय मी येऊ मिरजेहून? हात हायत का नाहीत तुला?"

गुरुवारी सकाळी पंचफुलाने भंगारखोलीचं कुलूप काढलं. मोडकी बाकं, फुटक्या कुंड्या आणि प्रयोगशाळेतून काढलेली सात-आठ मशीनं एकावर एक रचलेली होती. हाताला धूळ अशी लागत होती की पिठाच्या डब्यात हात घातल्यासारखं वाटावं. आधी मी माझ्याच मशीनची मेमरीची पट्टी काढून सोबत घेतली होती. तिच्या दातांमध्ये एक खाच असते. ती खाच कुठे आहे हे अंगठ्याने मोजलं आणि भंगारातल्या मशीनमध्ये बोटं घालून तशीच शोधायला लागले. पहिल्या मशीनमधली खाच सरकलेली. दुसऱ्यात पट्टीच नव्हती. तिसऱ्यात पालीने अंडी घातली होती, आणि पंचफुला माझ्या आधी किंचाळली. पाचव्यात सापडली. अगदी तशीच.

दोन्ही पट्ट्या बसवून बटण दाबलं, तर मशीन भोंगा वाजवायला लागलं. लांब, थांबून, पुन्हा लांब.

"बंद करा, बाई, बंद करा!" पंचफुला ओरडली. "फुटून जाईन ते!"

अकाउंट्सचे लोक वळून पाहत असावेत, कारण खुर्च्या हलल्या. "मॅडम, शॉक बसेल बरं," कुणीतरी म्हणालं. त्यात काळजी किती आणि गंमत किती, ते कळायला डोळे लागत नाहीत.

मला मात्र तो भोंगा ऐकून बरं वाटलं. मशीन काहीतरी सांगत होतं, आणि तेही माझ्याशी, स्क्रीनला मधे न घालता. लांब लांब भोंगा म्हणजे मेमरी लागलेली नाही, हे वर्गात शिकवलेलं आठवलं. पट्टी काढली. पोरांचा एक खोडरबर ड्रॉवरमध्ये होता. त्याने पट्टीचे दात एकेक करून घासले, फुंकर मारली आणि पुन्हा खाचेत दाबली. दोन्ही बाजूंनी कट, कट असा आवाज आला. बटण दाबलं. एकच छोटी शीळ. बस्स.

"आता चूप झालं," पंचफुला म्हणाली.

"चूप नाही. हो म्हणालं."

पुढचं काम अवघड होतं. मशीन सुरू होताच आधी सीडीकडे बघ, मग हार्डडिस्ककडे, असं त्याला सांगावं लागतं. ते सांगायची जागा सिस्टीमच्या आधी उघडते, आणि तिथे बोलणारं सॉफ्टवेअर नसतं. तिथे डोळेच हवेत. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी बसलो. मी कळा दाबायची, ती अक्षरं सांगायची.

"एफ, आय, आर, एस, टी."

"फर्स्ट. पुढे?"

"बी, ओ, ओ, टी. मग डी, ई, व्ही..."

"फर्स्ट बूट डिव्हाइस. त्याच्यापुढे काय लिहिलंय?"

"एच, डी, डी."

"तो बदलायचा. मी कळ दाबते, सी आणि डी आलं की थांब म्हण."

"नाही... नाही... हे तं दुसरंच काहीतरी... थांबा! थांबा जी! आलं!"

ती इतक्या जोरात ओरडली की बोरकुटे सर केबिनच्या दारात आले. त्यांची चप्पल मला ओळखू यायची. ती तशीच परत गेली. पंचफुलाचा डबा तसाच राहिला होता. मी म्हटलं, "जेव आधी." ती म्हणाली, "भाकर कुठं पळून राहिली?"

शुक्रवारी सीडी घातली. सुरुवातीच्या यादीतून साध्या चित्राचा पर्याय निवड, असं अन्वरने बजावलं होतं. जुन्या मशीनांना नवं चित्र काढायला जमत नाही म्हणे. तो पर्याय पंचफुलाने अक्षरं लावून शोधला. मग सीडी फिरू लागली. मी हेडफोन लावून बसले. पाच मिनिटं. सात मिनिटं. अन्वरने सांगितलेल्या तीन कळा एकदम दाबल्या.

कानात एक आवाज आला. पत्र्याच्या डब्यातून बोलावं तसा, रुक्ष, इंग्रजी. पण तो वाचत होता. मी बाण खाली नेला, तो खालचं वाचत होता. मी परत वर नेला, तो वरचं वाचत होता.

मी पंचफुलाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दिवसभर ते मशीनमध्ये बसत होतं. साडेपाचला संपलं. सीडी काढून पुन्हा सुरू करा, असं त्याने वाचून दाखवलं, तेवढ्यात चौकीदार कुलपं घेऊन आला. मी सीडी काढली, मशीन बंद केलं आणि घरी गेले. आपल्या पायांवर ते उभं राहतं का, हे पाहायचं राहून गेलं.

शनिवारी अकराला सगळे माझ्या टेबलाभोवती जमले. बोरकुटे सरांनी हर्षदलाही बोलावलं होतं. तो दुसऱ्या कामासाठी आला होता म्हणे. असेलही.

"चला, मॅडम," सर म्हणाले. "दाखवा."

मी बटण दाबलं. छोटी शीळ. पंखा. मग हार्डडिस्कची कुरकुर.

"कंपनीचं नाव आलं," हर्षद सांगत होता. मी विचारलं नव्हतं, पण तो सांगत होता. "आता काळी... काहीतरी अक्षरं गेली... आता..." तो थांबला. "नो सिग्नल."

"म्हंजे?" पंचफुलाने विचारलं.

"स्क्रीनला काही येतच नाही. गेलं." तो चुकचुकला. "मी म्हटलं होतं, सर. बोर्डच जुना आहे. सीडीवर चालतात कधीकधी, पण बूट होत नाहीत."

कुणीतरी सुस्कारा टाकला. बोरकुटे सरांचा हात माझ्या खांद्यावर आला. "मॅडम, तुम्ही फार प्रयत्न केले. आम्ही सगळ्यांनी पाहिलं." आणि कागद टेबलावर सरकल्याचा आवाज झाला. पट्टीचाही.

तीन दिवस धूळ खाल्ली, पंचफुलाची जेवणं बुडवली, आणि सगळ्या ऑफिससमोर हे. हात आपोआप पेनाकडे गेलाही असता. पण कान मशीनकडे होते. आणि काहीतरी जुळत नव्हतं.

"कूलर बंद करा," मी म्हटलं.

"काय?"

"कूलर बंद करा. पंखाही."

"मॅडम, जीव जाईल इथे..."

"दोन मिनिटं."

पंचफुलाने बटणं बंद केली. खोली गप्प झाली. विदर्भात त्या वर्षी जुलै कोरडाच लागला होता. अर्ध्या मिनिटात माझ्या मानेवरून घाम खाली गेला. मी वाकून मशीनला कान लावला.

डिस्क चालत होती. अडकलेल्या मशीनची डिस्क एकतर मुकी होते, नाहीतर एकच टकटक करत राहते. ही तसं करत नव्हती. सुपात तांदूळ पाखडावेत तशी सरसर, मग थांबा, मग पुन्हा सरसर. काल सीडी लावली तेव्हा जागं होताना मशीन ज्या चालीने चाललं होतं, तीच चाल. हळूहळू ती विरळ झाली आणि शांत झाली. काम संपवून बसलेल्या माणसासारखी.

मी सरळ झाले. "पंचफुला, कीबोर्डवर उजवीकडे वर दिवा आहे. बघ."

"हाय."

मी नमलॉकची कळ दाबली. "आता?"

"इझला."

पुन्हा दाबली.

"लागला."

"हर्षद," मी विचारलं, "मशीन अडकलेलं असेल तर हा दिवा बदलतो?"

तो काही वाईट मुलगा नव्हता, आणि त्याचं काम त्याला येत होतं. "नाही बदलत," तो म्हणाला. "अडकलं असेल तर दिवा तसाच राहतो."

"मग?"

"मग... ते आत सुरू आहे." त्याची खुर्ची पुढे सरकली. "फक्त चित्र बाहेर येत नाही. काल तुम्ही साधं चित्र निवडलं असेल. इन्स्टॉल झाल्यावर ते कायम राहत नाही. पण मॅडम, स्क्रीनशिवाय कसं..."



"स्क्रीनशिवाय कसं?" मी म्हटलं. "हर्षद, अकरा वर्षं मी कसं करतेय?"

मी हेडफोन काढून टाकला आणि त्याच्या जागी ड्रॉवरमधले छोटे स्पीकर जोडले. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज पूर्ण मोठा केला. तीन कळा दाबल्या.

पत्र्याच्या डब्यातला तो रुक्ष आवाज भर ऑफिसात उमटला. स्क्रीन रीडर सुरू झालाय, असं त्याने इंग्रजीत जाहीर केलं. अकाउंट्सच्या कोपऱ्यात कुणाचीतरी कपबशी वाजली.

"अरे देवा," पंचफुला म्हणाली. "आंधऱ्या स्क्रीनवर बोलून राहिलं."

मी विद्यापीठाची साइट उघडून पाहिली. उघडली. नव्या फॉर्मचं पहिलं पान उघडलं. ते त्या आवाजाने ओळीने वाचून दाखवलं: विद्यार्थ्याचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख. बोरकुटे सरांच्या हातात प्रवेश घेतलेल्या मुलांची यादी होती. "पहिलं नाव सांगा, सर," मी म्हटलं.

"अं? हं... कोडापे, सुगंधा मारोती."

मी भरलं. आई, तारीख, गाव, विषय. ते सांगत गेले, मी भरत गेले. शेवटी फॉर्मचा नंबर आला आणि यंत्राने तो एकेक आकडा वाचून दाखवला. हर्षद तो नंबर स्वतःच्या मोबाइलवर साइट उघडून तपासत होता. "आलाय, सर," तो हळूच म्हणाला. "जमा झालाय."

कूलर अजून बंदच होता आणि कुणाच्या लक्षातही नव्हतं.

मग मी एक कोरं पान उघडलं आणि पत्र लिहिलं. प्रति, माननीय सचिव. त्यात फार काही नव्हतं. माझ्या नावाने जो अर्ज तयार केला आहे तो मी केलेला नाही. माझं अंधत्व आणि मशीनचा जुनेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मशीन जुनं होतं, त्यावर तीन दिवसांत उपाय झाला. माझ्या डोळ्यांवर उपाय नाही, आणि अकरा वर्षांत कुणालाही त्याची गरज पडलेली नाही. मी टेबल बदलून मागत नाही. मी माझं काम मागते.

मी ते मुद्दाम सगळ्यांसमोर यंत्राकडून वाचून घेतलं नाही. प्रिंट दिलं. कोपऱ्यातल्या सुईच्या प्रिंटरला ओळखायला नव्या सिस्टीमने थोडा वेळ घेतला. मग तो करकरत चालला. मी जाऊन कागद फाडून आणला, खाली सही केली, पट्टीशिवाय, आणि बोरकुटे सरांच्या हातात दिला.

ते वाचत होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"तिरकी गेली का सही?" मी विचारलं.

"थोडी," ते म्हणाले. आणि मग, "मी तो जुना कागद फाडून टाकतो. कुणाला कळायचं नाही."

"नको, सर."

"नको?"

"दोन्हींना आवक नंबर द्या. एकाच फाइलला लावा. आधी तुमचं, मग माझं. उद्या कुणी फाइल उघडली तर काय विचारलं होतं तेही दिसू दे, आणि मी काय उत्तर दिलं तेही."

त्यांनी आवक रजिस्टरचा पुठ्ठा उघडला, शिक्का उचलला. एकदा ठप्प. पुन्हा एकदा ठप्प.

हर्षद आपली बॅग आवरत होता. जाता जाता थांबला. "मॅडम, ते चित्राचं सोमवारी करून देतो. सुरू होतानाच एक शब्द घालावा लागतो."

"शब्द सांगा, मी घालते. घाई नाही. ती स्क्रीन इतरांसाठी आहे."

तो हसला आणि त्याने तो शब्द अक्षरं सुटी करून सांगितला. मी टाइप करून ठेवला.

इतर पांगले. कुणीतरी कूलर लावला. बोरकुटे सर मात्र गेले नाहीत. टेबलाच्या कडेला त्यांची बोटं वाजत होती.

"रेणुका मॅडम," शेवटी ते म्हणाले, "माझ्या मनात तुमचं वाईट करायचं नव्हतं. देवाशपथ. मला वाटलं, तुमची दगदग वाचेल."

"माहीत आहे, सर," मी म्हटलं. "म्हणूनच तर बुधवारी तिथल्या तिथे नाही म्हणता आलं नाही. वाईट माणसाला लगेच म्हटलं असतं."

ते पाय न वाजवता केबिनमध्ये गेले.

खिडकीच्या लाकडी फळीवर बाहेरून कुणीतरी टकटक केली. मुलीचा आवाज होता, धाप लागलेला, कुठल्यातरी गावाहून एसटीने आलेली असावी. मागे आणखी चार-पाच जणींची कुजबुज.

"मॅडम, दोन दिवसांपासून बंद म्हणत होते. सुरू झाले का जी फॉर्म?"

मी फळी वर उचलली, स्पीकर काढून हेडफोन पुन्हा जोडला आणि कानाला लावला.

"झाले," मी म्हटलं. "नाव सांग."